न मोजलेली नाडी

त्या मंगळवारी दुपारी दोन वाजता आम्ही सगळ्या नर्सेस समाधानी होतो. कागदावर.

एचआरचे अपूर्व सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन वॉर्डात आले होते. पुढच्या आठवड्यात दवाखान्याचा दर्जा तपासायला बाहेरची टीम येणार होती, आणि कर्मचारी कामावर खूश आहेत याचा पुरावा फायलीत लागत होता. वीस प्रश्न होते. तुम्ही तुमच्या कामात समाधानी आहात काय? तुमचा वरिष्ठांकडून सन्मान होतो काय? एक ते पाच मार्क द्यायचे.

"सगळीकडे पाच नका टाकू सिस्टर," अपूर्व सर म्हणाले, "बनावट वाटते. मधून मधून चार मारा."

मी मधून मधून चार मारले. वीस प्रश्न एका मिनिटात. वाचले एकही नाही. गडी खूश होऊन गेला.

मी हर्षा. हुडकेश्वर रोडवरच्या एका खाजगी दवाखान्यात अकरा वर्षं नर्स आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण तुमच्या घराजवळच्या दवाखान्यात वेगळं काही चालत असेल असं मला वाटत नाही. आमचा वॉर्ड बायकांच्या ऑपरेशनचा. सव्वीस खाटा. दुपारी दोन ते रात्री आठच्या ड्युटीला दोन नर्स: मी आणि चार महिन्यांपूर्वी लागलेली रोशनी. इन्चार्ज प्रेमिला सिस्टर संध्याकाळी पाचपर्यंत असायच्या, पण टीम येणार म्हणून त्यांना आठ दिवसांपासून ऑफिसात रजिस्टरं सजवायला बसवलं होतं.

लोक नर्सच्या थकव्याबद्दल बोलतात तेव्हा त्यांना पाय दिसतात. पाय तर पहिल्या वर्षापासून दुखतात, त्याचं काही नाही. माझा थकवा वेगळा होता. नऊ नंबरची बाई कण्हत असायची आणि माझ्या मनात यायचं, हिचा आवाज कमी करायचं बटन कुठं आहे? एखादी गेली तर पहिला विचार यायचा की चादर बदलायला वॉर्डातली मावशी जागेवर आहे का. मी अशी नव्हते. अशी झाले होते. आणि मे महिन्यात नर्सेस डेला मॅनेजमेंट आम्हाला एकेक गुलाब द्यायचं. गुलाबाचं काय करू? एक नर्स द्या ना.

म्हणून मी दुसरी नोकरी शोधली होती. शहराबाहेर मिहानच्या औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीत विम्याचे क्लेम तपासायचे. एसी, खुर्ची, न्यायला-आणायला बस. माणसाला हात लावायचा नाही, फक्त त्याची फाईल वाचायची. शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. राजीनामा मोबाईलमध्ये टाईप करून ठेवला होता. माझा नवरा चेतन म्हणाला होता, "तुले पटते ते कर. पण घरी येऊन भिंतीकडे पाहत बसणं बंद कर." त्यामुळे माझं ठरलंच होतं. फक्त पाठवायचं बाकी होतं.

आता एक गोष्ट सांगते जी नर्स बाहेर सांगत नाही.

ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटची नाडी आणि बीपी दर तासाला पाहून चार्टवर लिहायचं असतं. बाकीच्यांचं चार तासांनी. सव्वीस बायका, त्यात पाच ताज्या ऑपरेशनच्या, इंजेक्शनं, सलाईनी, ड्रेसिंग, डिस्चार्ज, नातेवाइकांचे प्रश्न. आणि नर्स दोन. मग काय होते? दोन वाजता सकाळच्या नर्सकडून वॉर्ड ताब्यात घेतला की आम्ही चार्ट घेऊन बसतो आणि तीनचं, चारचं आधीच भरून टाकतो. आदल्या आकड्यात दोन वाढवायचे, दोन कमी करायचे. ८४. ८२. १२०/८०. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा पेशंट खरंच तशीच असते. ही चोरी आहे हे माहीत असते. पण पाचव्या वर्षी ती चोरी वाटत नाही, पद्धत वाटते.

अकरा नंबरला मैनाबाई होत्या. उमरेडच्या विणकर घरातल्या, वय अठ्ठावन्न. त्या दिवशी सकाळी त्यांची गर्भपिशवी काढली होती. कमरेखाली सुन्न करून केलेलं ऑपरेशन, त्यामुळे बाई जागी होती. त्यांचा मुलगा जितेंद्र इतवारीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचा. तो जेवायला खाली गेला होता.

सव्वातीन वाजता मी बारा नंबरची सलाईन बदलायला गेले, तर अकरा नंबरवरून आवाज आला.

"काहून वं पोरी, तू माया हात नाही धरला आज?"

"काय झालं आजी? दुखते काय?"

"दुखत नाही. सकाळच्या बाईनं हात धरून घड्याळ पाहिलं. मंग लिहिलं. तू त तिकडं टेबलावर बसूनच लिहिलं. मी पाहून राहिली ना. माया हाताबिगर तुले काय समजलं?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, लाज नंतर आली. आधी रागच आला. म्हातारी झोपायचं सोडून माझ्यावर पहारा देते!

"आजी, मला पंचवीस जणी अजून आहेत."

"असतीन ना. पण मी त एकच हाव." मग ओठांवरून जीभ फिरवत म्हणाल्या, "पाणी दे वं थोडं. लय तहान लागून राहिली."

ऑपरेशननंतर इतक्यात पाणी द्यायचं नव्हतं. त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी त्यांचा हात धरला. खरंच, तेवढ्याचसाठी.

हात थंड होता. नुसता थंड नाही, ओलसर थंड. नाडी बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक लागत होती आणि पळत होती. घड्याळाकडे पाहून मोजली. पंधरा सेकंदांत एकतीस. म्हणजे मिनिटाला एकशे चोवीस. बीपी लावलं. वरचं शहाऐंशी. लघवीची पिशवी पाहिली तर दोन वाजता होती त्याच रेषेवर. पट्टी कोरडी होती. म्हणजे रक्त बाहेर येत नव्हतं. आत जमा होत होतं.

आणि टेबलावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: तीन वाजता, ८४. चार वाजता, ८२. चार अजून वाजायचे होते.

मी ड्युटी डॉक्टरांना फोन लावला. डॉ. सौरव, मागच्याच वर्षी पास झालेला पोरगा, खाली ओपीडीत अडकला होता.

"एकशे चोवीस? तीनला किती होती?"

मी समोरच्या चार्टकडे पाहिलं.

"सिस्टर, तीनला किती होती? ब्याऐंशी-चौऱ्याऐंशी असेल तर आत्ता आत्ता वाढली. सलाईन फास्ट करा, पाय वर घ्या. मी हातातले चार पेशंट संपवून येतो."

चौऱ्याऐंशी. एक आकडा सांगायचा होता, लिहिलेला होता, कागदही साक्षीला होता. तेवढं म्हटलं असतं तर माझी नोकरी वाचली असती, मिहानचीसुद्धा. शनिवारी मी स्वच्छ हातानं बाहेर पडले असते. आणि चार पेशंट संपेपर्यंत मैनाबाई संपल्या असत्या.

"घेतलीच नाही सर," मी म्हणाले. "तीनचं मी खोटं लिहिलं. दोनची ड्युटी बदलताना राहिली. एक वाजल्यापासून कोणीच पाहिलं नाही. कधीपासून ब्लीडिंग आहे, माहीत नाही."

 पलीकडून जिन्यात धावणाऱ्या चपलांचा आवाज आला. फोन त्यानं कापलाच नव्हता.

सर्जन गिरिधर सर दहा मिनिटांत आले. दोन तासांचा हिशेब लावून त्यांनी रक्ताच्या पिशव्या आधीच मागवल्या, ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, उघडायला लावली. स्ट्रेचर आलं. पेशंटसोबत फाईल जाते, आणि फाईलमध्ये तो चार्ट होता. रोशनी माझ्याजवळ आली. पोरगी घाबरली होती, पण हुशार.

"दीदी, पान फाडा ना. नवीन बनवू. दोन मिनिटं लागतात. सगळ्याच करतात."

सगळ्याच करतात. मीही केलेलं होतं, दुसऱ्या एकीसाठी, तीन वर्षांपूर्वी. पान माझ्या हातात होतं. आणि मी ते फाडणार होते. फोनवर खरं बोललेली बाई आणि पान फाडायला निघालेली बाई एकच होती, यात मला काही विचित्र वाटत नाही. फोनवर पणाला आजी होती. पानावर मी होते.

तेवढ्यात प्रेमिला सिस्टर ऑफिसातून धावत आल्या. सत्तावन्न वर्षांची बाई, कुहीकडच्या शेतकरी घरातली. अजूनही दिवाळीनंतर धान कापायला रजा टाकते आणि हाताला चिरा घेऊन परत येते. त्यांनी पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं समजलं. विचारलंसुद्धा नाही.

"फाडायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक रेघ मार. खालचा आकडा दिसला पाहिजे. बाजूला सही, आत्ताची वेळ."

"सिस्टर, मला काढून टाकतील."

"टाकतीन. मार रेघ."

मी रेघ मारली. सही केली. तीन चाळीस. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतला आणि उभ्या उभ्याच, स्ट्रेचरच्या दांड्यावर पान टेकवून, खाली लिहिलं. आमच्याकडे सगळं इंग्रजीत लिहायची पद्धत आहे. त्यांनी मराठीत लिहिलं.

"तीन व चार वाजताच्या नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत. वॉर्डात २६ रुग्ण, २ नर्स. अशा नोंदी रोज आधी भरल्या जातात हे मला माहीत होते. मी थांबवले नाही. प्रेमिला भोयर, इन्चार्ज."

त्यांच्या रिटायरमेंटला चौदा महिने होते. मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. अकरा वर्षांत मी माझ्या वरच्या माणसांना एकच काम करताना पाहिलं होतं: खालच्यावर ढकलणे. ही बाई माझ्या सहीखाली येऊन उभी राहिली. आईनं जन्म दिला, त्याचे उपकार मोठेच. पण हे उपकार कशात मोजायचे ते मला अजून समजलं नाही.

मैनाबाई साडेसहाला ओटीतून परत आल्या. आतली एक शीर सुटली होती, ती बांधली. तीन पिशव्या रक्त चढवलं. मी स्टूल ओढून त्यांच्या खाटेजवळ बसले आणि नाडी पाहिली. आम्ही पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतो. मी त्या दिवशी पूर्ण मिनिट मोजली. शहाण्णव. मग पुन्हा मोजली. पुन्हा शहाण्णव. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मोजत होते. नऊ नंबर कण्हत होती आणि मला तिचा आवाज कमी करावासा वाटला नाही. किती वर्षांनी मी एका माणसाजवळ बसले होते, देवा! एवढंसं हे काम असते. एवढंसंच करू देत नाहीत.

शुक्रवारी मैनाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कोणी सांगायला लावलं नव्हतं. जितेंद्र बाजूलाच होता. पूर्ण ऐकायच्या आधीच तो उठला.

"म्हणजे तुम्ही माझ्या आईले पाह्यलंच नाही? आणि लिहून टाकलं? मी लेखी तक्रार करतो. सोडत नाही."

"करा," मी म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

मैनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागल्या.

"म्हंजे मी नसती बोलली त तू मले पोचवतच होती?"

"हो आजी."

"अन् तोंडावर सांगून राहिली. हसवू नको वं, टाके दुखतात." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "जितू, तक्रार लिहितं त नीट लिही. दोन बायांवर सव्वीस खाटा कोणं ठेवल्या, ते पहिले लिही. हिचं नाव मंग."

"आई, हिच्यामुळे तू..."

"हिच्यामुळंच हाव. माया सासूनं मले सोळा तास मागावर बसवलं होतं. सोळाव्या तासाले मी बी किनार चुकवली. तवा सासू मलेच बोलली. सोळा तासाले कोणी नाही बोललं. लिही तू."

जितेंद्रनं लिहिलं. दोन पानं, हिशेबनिसाच्या टपोऱ्या अक्षरात. खाटा किती, नर्स किती, एका पेशंटला तासाला किती मिनिटं येतात, भागाकार करून. तिसऱ्या परिच्छेदात माझं नाव होतं. सुटका केली नव्हती त्यानं माझी. करायलाही नको होती.

शनिवारी मला वरच्या मजल्यावर बोलावलं. ॲडमिनिस्ट्रेटर चंद्रभान साहेब, अपूर्व सर, गिरिधर सर आणि खुर्चीच्या काठावर बसलेल्या प्रेमिला सिस्टर. टेबलावर तो चार्ट होता आणि बाजूला जितेंद्रचं पत्र.

साहेबांनी माझ्यासाठी चहा मागवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच समजलं की काहीतरी विकत घ्यायचं आहे.

"हर्षा, बेटा, तुझी मिहानची नोकरी झाली म्हणे. चांगलं आहे. आज राजीनामा दे. अनुभवाचं सर्टिफिकेट मी स्वतः लिहितो, एक नंबर. हे पान," त्यांनी बोटानं चार्ट थोडा पुढे सरकवला, "परत नीट लिहून काढ. तीनचं १०४, सव्वातीनचं १२४, लगेच कळवलं. तुझंच नाव होईल. पेशंट वाचली आहे. मंगळवारी टीम येऊन राहिली. कशाला घाण?"

"आणि पत्र?"

"पत्राचं आम्ही पाहून घेऊ."

मला मोह झाला. मी काही देवी नाही. साहेब मला माझीच इच्छा ताटात वाढून देत होते. पण ते पान पुन्हा लिहिलं की प्रेमिला सिस्टरच्या चार ओळी जाणार होत्या, जितेंद्रच्या भागाकाराखालचा आधार जाणार होता, आणि मंगळवारी दुपारी रोशनी दुसऱ्या कोणत्या तरी पोरीला तीनचं आधीच कसं भरायचं ते शिकवणार होती. तिला मीच शिकवलं होतं.

"पान बदलणार नाही साहेब," मी म्हणाले. "राजीनामाही देत नाही. काढायचं असेल तर काढा. कारण लिहून काढा. पण दोन नर्स होत्या, तेही त्यात लिहा."

"तुला कोणी भडकवलं?" साहेबांनी प्रेमिला सिस्टरकडे पाहिलं.

"मले कशाले पाहता?" त्या म्हणाल्या. "मी त चार महिन्यांत तीन अर्ज दिले, अजून एक पोरगी द्या म्हणून. तुमच्या ड्रॉवरमध्ये असतीन. का तेही फाडले?"

गिरिधर सर तोपर्यंत मोबाईलमध्ये होते. भला माणूस म्हणून त्यांची ख्याती नाही. ओटीत कैची फेकून मारतात. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "चार्टचा फोटो माझ्याकडे आहे. त्या फोनवर हिनं ८४ सांगितलं असतं तर तुम्ही आज पोलिसांना चहा पाजत असता. मला उशीर होतोय." आणि उठून गेले. त्यांचेही आभार. त्यांना ते नको असतील, तरी घ्यावेच लागतील.

शेवटी असं झालं. मला मेमो मिळाला, तीन महिने देखरेखीखाली. प्रेमिला सिस्टरचं इन्चार्जपद काढून त्यांना ओपीडीच्या इंजेक्शन रूममध्ये टाकलं. दर्जावाल्या टीमनं पत्र वाचलं की नाही, ते मला माहीत नाही. पण महिना संपायच्या आत आमच्या दुपारच्या ड्युटीला तिसरी नर्स आली, मिनल नावाची. साहेबांचं मन पाझरलं असं कोणी समजू नये. जितेंद्रनं पत्राची एक प्रत बाहेरही पाठवली होती, आणि ती कुठं कुठं पोचली या काळजीनं साहेबांना झोप नव्हती. भीतीनं आली तरी नर्स ती नर्सच. तिच्या दोन हातांना कारण विचारायचं नसते.

मिहानला मी 'नाही' कळवलं. लोक म्हणतात, सेवाभाव. नाही हो. सेवाभाव हा शब्द आम्हाला पगार कमी देण्यासाठी शोधला आहे. मी थांबले कारण मला माझं काम परत मिळालं होतं, आणि ते कोणी मिळवून दिलं हे मला माहीत होतं: टाक्यांवर हात दाबून हसणारी एक म्हातारी, भागाकार करणारा तिचा रागीट मुलगा, चप्पल वाजवत जिना चढणारा एक नवखा डॉक्टर, आणि ही इंजेक्शन रूममधली बाई. अजूनही तीन जणींवर सव्वीस खाटा आहेत. अजूनही कमीच आहेत. राग गेलेला नाही, जाऊही नये. पण रागासोबत आता आणखी काहीतरी घेऊन मी बसमधून उतरते.

परवा ड्युटीच्या आधी मी प्रेमिला सिस्टरला भेटायला गेले. आभार मानायचे होते. इतक्या दिवसांत तोंडातून निघाले नव्हते. घरी आरशासमोर दोन वाक्यं पाठ केली होती. इंजेक्शन रूममध्ये पंखा होता, खुर्ची होती, खिडकीतून उजेड येत होता. बाहेर पंधरा माणसांची रांग.

"शिक्षा दिली म्हणे मले," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा बसून चहा पिली. साहेबाले माहीत नको पडू देऊ, नाहीतर परत वर नेईल."

"सिस्टर, मला बोलायचं होतं. त्या दिवशी तुम्ही..."

"बोलशील मंग. आधी याले पाह्य." त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. रुपराव नावाचा एक आडदांड गडी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला होता. पायाला कुदळ लागली होती, त्याचं त्याला काही नव्हतं, पण सुई पाहून डोळे गच्च मिटून बसला होता आणि घामानं चिंब झाला होता.

"अर्धा तास झाला याले समजावून राहिली. बैल धरते म्हणे घरी. भैयाजी, उघडा डोळे, ही आमची हर्षा सिस्टर हाय, हिचा हात लय हलका हाय."

"खरंच?" रुपरावनं एक डोळा उघडला.

"मी हिले शिकवलं हाय," प्रेमिला सिस्टर म्हणाल्या, आणि ट्रे माझ्याकडे सरकवला. "घे वं. माया चहा थंडा होऊन राहिला."

मी हात धुतले आणि सिरिंज भरायला घेतली.